बोलणं ओमिट केलंत, पण केसपेपरवर सही कोणाची?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरला मी याआधी पाच-सहा पत्रं पाठवलीत, त्यातली दोन छापून आली, आणि दुसऱ्या पत्राचा शेवटचा अख्खा परिच्छेद तुम्ही उडवला होता. मी तणतणत ऑफिसला फोन लावला तर तुमच्याकडच्या एका उपसंपादकांनी शांतपणे सांगितलं, बाई, जागा कमी होती आणि त्या परिच्छेदात तुम्ही वरचंच परत लिहिलं होतं. खरं सांगायचं तर लिहिलं होतंच. तेव्हा एवढा राग आला की दोन दिवस पेपर उघडला नाही मी. पण कापणारा माणूस फोनवर सापडला, त्याने कारण सांगितलं, मी भांडले, त्याने ऐकून घेतलं, ही केवढी मोठी गोष्ट होती ते मला आत्ता काही महिन्यांपूर्वी कळलं, म्हणून हे पत्र.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स. छत्तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली नऊ बर्न्स वॉर्डला. रिटायर झाल्यावर भाचीने सोशल मीडियावर एक पेज काढून दिलं, आत्या तू घरी बसून सगळ्यांना सल्ले देतेस ते तिथे दे म्हणाली. तर मी तिथे साध्या साध्या गोष्टी लिहिते, ताप कसा मोजायचा, भाजल्यावर काय लावायचं नाही, असलं. एका रात्री स्तनाची तपासणी घरच्या घरी कशी करायची ते लिहिलं आणि सोबत पेनाने काढलेलं चित्र टाकलं, फोटो नाही हं, चित्र, नर्सिंगच्या पुस्तकात असतं तसं, हाताची तीन बोटं कुठून कुठे फिरवायची त्याचे बाण दाखवलेले. वीस मिनिटांत पोस्ट गायब. कारण काय तर नग्नता आणि लैंगिक कृती, कम्युनिटी गाइडलाइन्सचा भंग. खाली बटण होतं, निर्णय मान्य नसेल तर रिव्ह्यू मागा. दाबलं. चष्मा पुसून परत डोळ्यावर ठेवेपर्यंत उत्तर आलं, आम्ही तुमची पोस्ट पुन्हा तपासली, निर्णय कायम. कोणी तपासली हो एवढ्यात? ईमेल केली, त्याला एक लांबलचक नंबर आला आणि पुढे काही नाही. तीन आठवड्यांनी बघते तर पोस्ट आपोआप परत आलेली. का काढली होती ते कळलं नाही आणि का आणली तेही कळलं नाही.

आता तुम्हाला वाटेल एका पोस्टचं काय एवढं. माझं म्हणणं पोस्टबद्दल नाहीच. वॉर्डमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, तिथे डॉक्टरने एखादं औषध थांबवलं तर केसपेपरवर ओमिट लिहून खाली सही आणि वेळ टाकावी लागते. तोंडी सांगून गेले तर आम्ही मागे धावायचो, सर सही करा, नाहीतर सकाळी ओव्हर घेणारी सिस्टर मलाच विचारेल की रात्रीचा डोस का दिला नाही. सही असली म्हणजे निर्णय बरोबरच असतो असं मुळीच नाही, चुकीच्या सह्या मी ढिगाने पाहिल्यात. पण सही असली की चूक सापडते आणि कोणाला विचारायचं ते समजतं. इंटरनेटवर रोज लाखो लोकांचं बोलणं ओमिट होतंय आणि सहीची जागा कोरी आहे, माझं दुखणं एवढंच आहे.

माझ्या बाबतीत जे झालं ते ब्राझीलमधल्या एका बाईच्या बाबतीत आधीच होऊन गेलं होतं, ते मला नंतर कळलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने इन्स्टाग्रामवर स्तनाच्या कॅन्सरची लक्षणं दाखवणारे फोटो टाकले आणि मशीनने ते नग्नता म्हणून उडवले. कंपनीच्या स्वतःच्याच नियमांत कॅन्सरच्या जागृतीसाठी असे फोटो चालतील असं लिहिलेलं होतं! इन्स्टाग्राम फेसबुकचंच, तर ती केस फेसबुकने असल्या तक्रारींचा निवाडा करायला नेमलेल्या ओव्हरसाइट बोर्डापर्यंत गेली, तोवर कंपनीने चूक झाली म्हणून पोस्ट परत आणली होती, तरी बोर्डाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला आणि माणसाने न बघता नुसत्या मशीनवर सोडलं की असं होतं हे लिहून ठेवलं. चांगलं झालं. पण बोर्ड किती केसेस बघणार? वर्षाला मोजक्या. बाकीच्यांनी चष्मा पुसत बसायचं.

अजून एक सांगते, बर्न्स वॉर्डवाली असल्यामुळे ही गोष्ट मला जास्त लागली. १९७२ चा व्हिएतनाम युद्धातला तो फोटो तुम्ही तुमच्या पेपरातही कधीतरी छापला असेल, नापाम म्हणजे आगीच्या बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची मुलगी रस्त्यावरून रडत पळतेय, अंगावर कपडा नाही. कपडा नाही कारण तो पेटलेला होता. आमच्याकडे भाजलेलं पोर आलं की पहिलं काम तेच असतं, जळका कपडा काढायचा, चामडीला चिकटलेला तेवढा सोडून, कारण कापड उष्णता धरून ठेवतं. त्या फोटोत मला जे दिसतं ते हे दिसतं. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या एका लेखकाने तो फोटो फेसबुकवर टाकला तर लहान मुलाचं नग्न चित्र म्हणून काढला आणि लेखकाचं अकाउंट बंद केलं. तिथल्या आफ्टनपोस्टन पेपरने बातमी केली, त्यांचीही पोस्ट काढली. त्यांच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी निषेध म्हणून तोच फोटो टाकला, त्यांचीसुद्धा काढली, म्हणजे बघा. शेवटी पेपरच्या संपादकाने पहिल्या पानावर फेसबुकच्या झुकरबर्गला जाहीर पत्र लिहिलं, तुम्ही जगातले सगळ्यात ताकदवान संपादक आहात असं त्यात म्हटलं, आणि मग कुठे कंपनी मागे हटली. संपादकाला दुसऱ्या संपादकाला पत्र लिहावं लागलं, मी तर साधी वाचक. आणि सोलबर्गबाई पंतप्रधान होत्या म्हणून आवाज पोचला. माझ्यासारखीच्या पोस्टसाठी पहिलं पान कोण देणार?

इथे कोणी म्हणेल की ही खाजगी कंपनी आहे, घटनेतलं स्वातंत्र्य सरकारविरुद्ध असतं, कंपनीला काय विचारता. कायद्याने बरोबर आहे ते. पण मी सरकारी आणि खाजगी दोन्ही हॉस्पिटलं केलीत, केसपेपर दोन्हीकडे लागतो, खाजगीत आहे म्हणून सही नको असं कोणी म्हणालं नाही मला.

सरकारांचं तर विचारूच नका. पण त्यातही एक मजा आहे, मजा म्हणजे वाईट अर्थाने. वुहानचे डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग आठवतात? ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी बरोबर शिकलेल्या डॉक्टरांच्या विचॅट (चीनमधलं व्हॉट्सॲपच म्हणा) ग्रुपवर लिहिलं की सार्ससारखे सात पेशंट आलेत, काळजी घ्या. खाजगी ग्रुप, वॉर्डमध्ये आपण बाजूला घेऊन सांगतो ना, मास्क लाव गं, तेवढंच. त्याचा स्क्रीनशॉट बाहेर गेला. चार दिवसांनी पोलिसांनी बोलावलं आणि छापील कागद पुढे ठेवला, खोटं बोलून समाजाची घडी बिघडवली वगैरे. खाली दोन प्रश्न. हे थांबवू शकाल का? त्यांनी हाताने लिहिलं, शकेन. समजलं का? समजलं. आणि लाल अंगठा. पुढे ते स्वतःच पेशंट होऊन पडले, तेव्हा त्यांनी तो कागद वेबोवर, म्हणजे तिथल्या ट्विटरसारख्या साइटवर टाकला, सगळ्या जगाने पाहिला, ७ फेब्रुवारी २०२० ला ते गेले. आणि मार्चमध्ये वुहानच्या पोलिसांनी तो कागद रद्द केला आणि घरच्यांची माफी मागितली.

आता यात माझा मुद्दा बघा. तो कागद अत्यंत वाईट होता, पण कागद होता! त्याच्यावर तारीख होती, पोलिस स्टेशन होतं, म्हणून तो दाखवता आला आणि रद्द करता आला. हेच जर त्यांचा मेसेज फक्त कोणाला दिसलाच नसता, म्हणजे त्यांना वाटतंय मी पाठवला आणि समोर कोणाकडे पोचलाच नाही, तर काय रद्द केलं असतं? कोणाची माफी मागितली असती? त्यांच्या वेबोवरच्या शेवटच्या पोस्टखाली लोक नंतर किती काळ येऊन लिहीत होते, डॉक्टर आज असं झालं, डॉक्टर आज तसं झालं, लाखांनी कॉमेंट. ते वाचून मला रडू आलं होतं.

आपल्याकडचं आयटी कायद्यातलं कलम ६६अ घ्या. इंटरनेटवर लिहिलेल्याने कोणाला त्रास झाला, गैरसोय झाली तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, त्रास म्हणजे काय ते सांगितलेलंच नाही. २०१२ मध्ये एका मुलीने फेसबुकवर काहीतरी लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं, आणि दोघींना अटक. पण कलम होतं, त्याला नंबर होता, म्हणून एक कायद्याची विद्यार्थिनी, श्रेया सिंघल, कोर्टात जाऊ शकली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच उडवलं. (त्यानंतरही पोलिस त्या कलमाखाली गुन्हे नोंदवतच राहिले, २०२१ मध्ये कोर्टालाच धक्का बसला, २०२२ मध्ये परत बजावावं लागलं. डेथ सर्टिफिकेट झालेल्या पेशंटला सलाइन चालू ठेवण्यातला प्रकार.) कलमाला कोर्टात खेचता येतं, पण पोस्टचा रीच, म्हणजे ती किती जणांना दिसते तो आकडा, अचानक दहावर आला तर त्याला कुठल्या नंबरने खेचायचं?

आणि आता हेच जास्त होतंय. पोस्ट काढत नाहीत, ती असते तिथेच, तुम्हाला दिसते, फक्त बाकीच्यांच्या फीडमध्ये येत नाही. पेशंटला वाटतंय औषध चालू आहे आणि बाटलीत नुसतं पाणी, असं. वाईट म्हणजे आपल्याला खात्रीच करता येत नाही. खरंच दाबलंय की मीच कंटाळवाणं लिहितेय? दुसरंही असू शकतं ना. मग माणूस अंदाज बांधायला लागतो, अमुक शब्द टाळावा, तमुक लिहू नये. इंग्रजीत लोक मेला, आत्महत्या केली असं लिहायच्या ऐवजी अनअलाइव्ह लिहितात, मशीनने पकडू नये म्हणून. मला हसू आलं होतं ते ऐकून. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या रात्रीनंतर मी स्तन हा शब्द लिहिलेलाच नाही, छाती लिहिते. छातीतली गाठ. छत्तीस वर्षं मी पेशंट बायकांना ओरडत आले की लाजू नका, अवयवाचं नाव घ्या, नाव घेतलं नाही तर डॉक्टरला कसं कळणार कुठे दुखतंय, आणि शेवटी मीच लाजायला लागले, तेही एका मशीनला. जी बाई स्तनातली गाठ असं टाइप करून शोधेल तिला माझी पोस्ट सापडणारच नाही.

याचा अर्थ कोणी काहीही लिहावं आणि कोणी काही काढू नये असं माझं म्हणणं आहे का, तर अजिबात नाही. उलट मी याबाबतीत कडक आहे. एक व्हिडिओ बघून इन्सुलिन बंद केलेला पेशंट मी बेशुद्ध आलेला पाहिलाय, त्याची बायको मोबाइल पुढे करून मला तो व्हिडिओ दाखवत होती, बघा सिस्टर किती लोकांनी लाइक केलाय. २०२० मध्ये इराणमध्ये दारूने कोरोना जातो या अफवेवरून लोक मिथेनॉल प्यायले आणि शेकड्यांनी मेले. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर किती विष ओतलं गेलं, २०१८ मध्ये कंपनीनेच कबूल केलं की आम्ही पुरेसं काही केलं नाही. तिथली भाषा समजणारी माणसंच त्यांच्याकडे कमी होती. काढायला हवं होतं ते राहिलं आणि माझं तीन बोटांचं चित्र गेलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सव्वा लाख बातम्या तपासल्या होत्या, तर खोटी बातमी पुढे ढकलली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि ढकलणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, नव्हते, माणसंच होती, आपणच. तेव्हा थांबवावं लागतं हे मला मान्य आहे, ओमिट हा शब्द वॉर्डमध्ये रोज लागतो.

पण घाईघाईत थांबवायला लावलं की काय होतं तेही बघा. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा केला, उघडउघड बेकायदा मजकुराची तक्रार आली की २४ तासांत काढा, यंत्रणा नीट चालवली नाही तर ५ कोटी युरोपर्यंत दंड. हेतू चांगला. पण चुकून ठेवलं तर दंड आणि चुकून काढलं तर काहीच नाही, मग कोणीही काढणारच ना! ग्राहक कोर्टाच्या भीतीने डॉक्टर प्रत्येक डोकेदुखीला स्कॅन लिहितात तशातली गत. त्यात हे बघायला बसवलेली माणसं, ती कंत्राटी, दिवसभर खून, मारहाण, लहान मुलांचे हाल असले व्हिडिओ बघतात आणि काही सेकंदांत ठरवतात राहू दे की काढ. २०२० मध्ये अमेरिकेत फेसबुकने अशा लोकांच्या मानसिक त्रासाच्या दाव्यात ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. नाइट ड्यूटी केलेली असल्याने मला त्यांच्यावर राग काढवत नाही. तेही बिचारे सही करायला तयार असतील, त्यांना कोणी पेन दिलेलं नाही.

एक प्रकार असा आहे की ज्यात ना सरकार ना कंपनी. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी, फार धीट, लसींबद्दल छोटे छोटे व्हिडिओ करायची, छान समजावून सांगायची. एका व्हिडिओखाली कोणीतरी तिचा ड्यूटीचा फोटो चिकटवला आणि मग सुरू झालं, दोन दिवसांत हजारावर कॉमेंट, तिच्या शरीरावर, आईवर, नवरा कसा सहन करतो यावर. तिने कंपनीकडे रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की यात गाइडलाइन्सचा भंग आढळला नाही. (माझ्या बाणांत मात्र आढळला होता.) तिने पेज बंद केलं. त्या हजार जणांना विचारा, ते म्हणतील आम्हीही आमचं मतच मांडलं, बोलायचं स्वातंत्र्य आहे. पण हिशोब केला तर हजार बोलले आणि जिला त्यातलं काही माहीत होतं ती एकटी गप्प बसली. याला काय म्हणायचं मला कळत नाही, सेन्सॉर तर म्हणता येत नाही.

युरोपने डिजिटल सेवांचा कायदा केलाय, फेब्रुवारी २०२४ पासून तो सगळ्या प्लॅटफॉर्मना लागू आहे. त्यात मला आवडलेली गोष्ट ही की पोस्ट काढली किंवा दाबली, हो, दाबली तरीसुद्धा, तर का ते लिहून द्यावं लागतं, मशीनने ठरवलं की माणसाने तेही सांगावं लागतं, आणि तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडता येत नाही. म्हणजे केसपेपरच की! तो कायदा प्रत्यक्षात किती चालतोय ते तिथले लोक सांगतील, कागदावरचं आणि वॉर्डमधलं यात फरक असतोच. आपल्याकडे २०२१ च्या नियमांत तक्रार अधिकारी नेमायला सांगितला होता, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल. माझा लांबलचक नंबर ही पोच धरायची असेल तर पोच मिळाली बाई, निकालाची वाट बघतेय.

आता शेवटचं, आणि इथे तुम्ही मला पकडाल म्हणून आधीच सांगते. माझं नाव छापू नका ही विनंती आहे. सगळ्यांकडे सही मागणारी ही बाई स्वतः निनावी कशी, असं कोणीही विचारेल. तर त्या ज्युनिअरचं काय झालं ते मी पाहिलंय, म्हणून. पेशंटचं नाव आम्हीही बाहेर सांगत नाही, बेड नंबर सांगतो, सही मात्र ऑर्डर देणाऱ्याची लागते. लिहिणाऱ्याला नाव झाकायचा हक्क असावा आणि थांबवणाऱ्याला नसावा असं माझं मत आहे, पटलं नाही तर तसं लिहा. तुमच्याकडे माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर पत्राच्या मागच्या बाजूला आहे.

पत्र लांबलंय हे माहीत आहे, कापावं लागेल. ब्राझीलचा परिच्छेद गेला तरी चालेल, व्हिएतनामचा शक्यतो ठेवा. आणि ज्यांनी कापलं त्यांना दुपारी चारनंतर एक फोन करायला सांगा.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स